टकरीविना आघात

पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूस, जमिनीपासून सुमारे ९० हजार किलोमीटर अंतरावर, अवकाशात एक अदृश्य सीमा कायम उभी असते. सूर्यापासून सेकंदाला ४०० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघालेला सौरवारा या सीमेपाशी पोहोचला, की त्याचा वेग पाव हिश्श्यापर्यंत खाली येतो, घनता तीन-चार पटींनी वाढते आणि त्यातील प्रोटॉनांचे तापमान दहा लाख अंशांच्या पुढे जाते. सीमेचा आकार ताणलेल्या धनुष्यासारखा असल्याने तिला धनुराघात म्हणतात. ती पृथ्वीसमोर का असावी हे समजावून घेणे अवघड नाही; ती मुळात असू कशी शकते, हा प्रश्न मात्र अवकाश-भौतिकीतील फार जुन्या आणि फार फलदायी प्रश्नांपैकी एक ठरला आहे.

आघात का निर्माण व्हावा, याचे उत्तर रत्नागिरीच्या सड्यांवरून आषाढात धावणाऱ्या कोणत्याही पऱ्यात दिसते. कातळाच्या उतारावरून पाणी पातळ थराने जोरात घसरत येते आणि पुढे धोंड आडवी आली, की धोंडेच्या बरेच अलीकडे ते एकाएकी उसळून जाड, संथ व खळबळते होते. पुढे अडथळा आहे ही खबर पाण्यावरच्या लहरीच मागे नेऊ शकतात. परंतु पाण्याचा वेग लहरींच्या वेगाहून जास्त असल्यामुळे त्या वर चढू शकत नाहीत, एका ठिकाणी साचतात आणि तिथेच उडी तयार होते. सौरवाऱ्यात अशी खबर नेण्याचे काम चुंबकीय तरंग करतात. पृथ्वीजवळ त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५० किलोमीटर भरतो, म्हणजे वारा आपल्या तरंगांपेक्षा आठपट वेगवान असतो, आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेला प्रदेश, ज्याला चुंबकावरण म्हणतात, त्याच्या वाटेत धोंडेसारखा आडवा पडलेला असतो.

इथपर्यंत सारे सोपे आहे, पण पाण्याचे रेणू एकमेकांना खेटून असतात आणि सौरवाऱ्याचे कण तसे नसतात. हवेतील आघात तरंग, उदाहरणार्थ ध्वनीहून वेगवान विमानापुढचा, रेणूंच्या परस्पर टकरींवर उभा असतो: या टकरींमुळेच प्रवाहाच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते, आणि म्हणून आघाताची जाडी एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत रेणू जितके अंतर कापतो त्याच्या काही पटींहून अधिक नसते. जमिनीलगतच्या हवेत हे अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी आहे. पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात मात्र एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक प्रोटॉन आणि तितकेच इलेक्ट्रॉन असतात. विद्युतभारित कणांच्या अशा मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात, आणि हा प्लाझ्मा इतका विरळ आहे की त्यातील प्रोटॉनाला दुसऱ्या कणाशी खरीखुरी टक्कर होण्यापूर्वी जवळपास सूर्य-पृथ्वी अंतराएवढा, म्हणजे १५ कोटी किलोमीटरच्या घरातला प्रवास करावा लागतो. जुना नियम लावला तर पृथ्वीसमोरचा आघात सूर्यापर्यंत जाड असायला हवा; प्रत्यक्षात त्याचा मुख्य चढ शंभर किलोमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी जाडीचा आढळतो. टकरी नाहीत आणि तरीही आघात आहे. मग टकरींचे काम कोण करते?

अशा टकरीविना आघाताचा पहिला पुरावा अवकाशयानांनी आणलेला नाही. तो जमिनीवरच्या चुंबकीय वेधशाळांच्या वह्यांत आधीपासून नोंदलेला होता, आणि त्या वह्यांपैकी अत्यंत महत्त्वाच्या काही कोकणच्या किनाऱ्यावर लिहिल्या गेल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी होत असे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांच्या समूहात पांढऱ्या प्रकाशाचा लखलखाट पाहिला आणि त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी कुलाब्याच्या निरीक्षकांना क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळताना दिसला. कोकणात या घटकाचे एकूण मूल्य ३८ हजार नॅनोटेस्लांच्या आसपास असते आणि दहा-वीस वर्षांतून एखाद्या वेळी होणाऱ्या मोठ्या वादळातही ते काही शेकड्यांनीच घटते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दिवसाचे वेगळेपण कळते. साडेसतरा तासांत १५ कोटी किलोमीटर म्हणजे सेकंदाला सरासरी २३०० किलोमीटरांहून अधिक वेग. एवढ्या वेगाने सुटलेला प्लाझ्माचा लोट आपल्यापुढे आघात लोटत नेणार, हे आज गृहीतच धरले जाते. परंतु कुलाब्यात आकडे उतरवून घेणाऱ्यांच्या काळी सौरवाऱ्याची कल्पनाही कोणाच्या मनात आलेली नव्हती.

मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार हे उघड होते, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. जुन्या व नव्या जागेच्या नोंदी जुळाव्यात यासाठी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्याची दक्षता घेतली गेली, आणि ती किती मोलाची होती हे आज शतकाहून लांब पसरलेली सलग नोंद वापरणाऱ्यांना पदोपदी जाणवते. कोकणातला जांभा आणि काळा कातळ दोन्ही लोहयुक्त, त्यामुळे चुंबकमापकांच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणावा लागला. या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचा दोन खंडांचा ग्रंथ १९१० साली सिद्ध केला. चुंबकीय वादळाचे ठरावीक रूप त्यांनी त्यात सरासरी काढून दाखवले: आधी क्षेत्रात लहानशी पण एकाएकी वाढ, मग मोठी घट आणि शेवटी दिवस-दोन दिवसांत सावकाश पूर्वपदावर येणे.

यातली पहिली पायरी, म्हणजे एकाएकी होणारी वाढ, हीच कळीची आहे. वादळाचा हा आकस्मिक प्रारंभ बहुधा काही दहा नॅनोटेस्लांचा असतो आणि तो दोन ते पाच मिनिटांत पुरा होतो. १९५५ मध्ये थॉमस गोल्ड यांनी या अल्प अवधीवर बोट ठेवले. सूर्यापासून निघालेले कण दोन दिवसांचा प्रवास करून येतात. त्यांच्या वेगांत दहा टक्क्यांचा जरी फरक असेल, तरी पहिला कण आणि शेवटचा कण यांच्या आगमनात पाचेक तासांचे अंतर पडायला हवे. अलिबागच्या कागदावर मात्र उडी मिनिटांत संपते. तेव्हा येणाऱ्या लोटाची पुढची कड धारदार असली पाहिजे आणि वाटेत ती धारदार राखणारी काहीतरी यंत्रणाही असली पाहिजे, म्हणजेच टकरीविना टिकणारा आघात असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. निव्वळ घड्याळाकडे पाहून केलेला हा युक्तिवाद अवकाश-भौतिकीतील सर्वात देखण्या युक्तिवादांत गणला जावा इतका साधा आहे. पुढे १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने सौरवाऱ्यातला असा आघात प्रत्यक्ष अनुभवला आणि १९६३ च्या अखेरीस सोडलेल्या इम्प-१ या उपग्रहाने पृथ्वीसमोरचा धनुराघात दाखवून दिला.

वाऱ्याच्या उगमाचीही खूण याच मुलखात पूर्वी टिपली गेली होती, जरी तिचा अर्थ तेव्हा कोणाला लागला नव्हता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरून घाट ओलांडत वऱ्हाडाकडे गेली. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या विजयदुर्गावर नॉर्मन लॉक्यर यांनी आपला तळ टाकला होता आणि ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून निरीक्षणांस जुंपले होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला होते. तर वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळातून निघालेल्या, सूर्यबिंबाच्या व्यासाहून कितीतरी लांब अशा किरणाचे छायाचित्र घेतले. विजयदुर्गावरील ‘साहेबाचा कट्टा’ दाखवून १८६८ साली लॉक्यर यांनी इथेच हेलियम शोधला, असे आजही सांगितले जाते. ते खरे नाही; १८६८ मध्ये लॉक्यर इंग्लंडमध्ये होते आणि हेलियमची पिवळी रेषा त्यांनी तिथूनच, ग्रहणाविना अभ्यासली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनी, आणि किल्ल्याचा खरा मान याच भेटीत आहे. ग्रहणांत दिसणारे लांबच लांब किरण म्हणजे प्रभामंडळ स्थिर नसून सतत बाहेर वाहत आहे याची चित्रे होती. लुडविग बिअरमान यांनी १९५१ मध्ये धूमकेतूंच्या शेपट्यांवरून आणि यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने हे वाहणे सिद्ध केल्यावर त्या चित्रांना अर्थ आला.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळता येईल. टकरींचे काम तरंग करतात, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे, परंतु ते कोणते तरंग आणि कसे, हे आघाताच्या दिशेवर अवलंबून असते. सौरवारा आपल्यासोबत सूर्याचे क्षीण चुंबकीय क्षेत्र वाहून आणतो. पृथ्वीजवळ ते पाचेक नॅनोटेस्लांचे असते आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्याच्या रेषा सर्पिल होऊन पृथ्वीपाशी साधारण ४५ अंशांनी तिरप्या येतात. विद्युतभारित कण क्षेत्ररेषेभोवती गोल फिरतो, रेषेच्या दिशेने सरकू शकतो, पण रेषा आडवी असेल तर तिला सहजी ओलांडू शकत नाही. म्हणून जिथे क्षेत्ररेषा आघाताच्या पृष्ठभागाला समांतर पडतात तिथे आघात आखीव व कोरीव असतो, आणि जिथे त्या पृष्ठभागात सरळ घुसतात तिथे तो विस्कटलेला, पसरट आणि सतत मोडून पुन्हा बांधला जाणारा असतो. सर्पिलाच्या तिरपेपणामुळे पृथ्वीच्या सायंकाळच्या बाजूस बहुधा पहिला प्रकार आढळतो आणि सकाळच्या बाजूस दुसरा, त्यामुळे एकाच धनुष्याच्या दोन टोकांना दोन वेगळी भौतिकी पाहायला मिळते.

कोरीव आघातात येणाऱ्या प्रोटॉनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा चढावरच्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांनी उलट फेकला जातो. क्षेत्ररेषा आडवी असल्याने हे कण फार दूर जाऊ शकत नाहीत. काही शे किलोमीटरांचा फेरा घेऊन, वाटेत ऊर्जा कमावून, ते पुन्हा आघातावर येतात आणि या वेळी पार होतात. त्यामुळे आघाताच्या पलीकडे एकाच जागी दोन जमाती एकत्र नांदू लागतात: सरळ आलेले मंद कण आणि फेरा घेऊन आलेले वेगवान कण. अशी विषम स्थिती प्लाझ्माला मानवत नाही. वेगांतला फरक तरंगांना खतपाणी घालतो, तरंग वाढतात, त्यांची क्षेत्रे कणांना उलटसुलट ढकलतात आणि त्या ढकलाढकलीत दोन्ही जमातींचे वेग मिसळून एकजीव होतात. प्रवाहाची शिस्तबद्ध गती अशा रीतीने उष्णता बनते, आणि यात एकही कण दुसऱ्याला थडकलेला नसतो.

विस्कटलेल्या बाजूची कथा अधिक रंगतदार आहे. तिथे परतवलेले कण क्षेत्ररेषेच्या वाटेने वाऱ्याच्या उलट दिशेला हजारो किलोमीटर सूर्याकडे धावत सुटतात. ज्या वाऱ्याला धनुराघाताची खबर लागायला नको होती, त्याला ती या कणांमुळे आधीच लागते. आघाताच्या पुढच्या या खबर लागलेल्या प्रदेशाला पूर्वाघात क्षेत्र म्हणता येईल. त्याच्या सर्वांत बाहेरच्या कडेवर हलके व चपळ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्या झोतामुळे सेकंदाला सुमारे वीस हजार आंदोलने करणारे लँगम्यूर तरंग उठतात. त्यांची वारंवारता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरत असल्याने ती मोजली की घनता आपोआप कळते. सूर्यावरून सुटलेल्या लोटापुढच्या आघातापाशीही हेच तरंग तयार होतात, त्यांतील काही ऊर्जेचे रेडिओ लहरींत रूपांतर होते, आणि आघात जसजसा विरळ प्लाझ्मात शिरतो तसतशी त्या लहरींची वारंवारता उतरत जाते. रेडिओ दुर्बिणींना आघाताची चाल ओळखता येते ती या उतरत्या सुरावरून.

आतल्या बाजूस प्रोटॉनांचे झोत असतात आणि ते सुमारे तीस सेकंदांच्या आवर्तकाळाचे संथ चुंबकीय तरंग उठवतात. हे तरंग आपल्या परीने सूर्याकडेच निघालेले असतात, पण वारा त्यांच्याहून वेगवान असल्याने ते ओढले जाऊन पुन्हा आघातावर आदळतात; वाटेत त्यांच्या कडा तीव्र होत जातात, क्षेत्र अनेक पटींनी फुगते, आणि अशा फुगलेल्या तुकड्यांच्या एकामागोमाग येण्यातूनच आघात नव्याने बांधला जातो. तरंग आघाताजवळ असतात असे म्हणण्यापेक्षा या बाजूस आघात तरंगांचाच बनलेला असतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. युरोपच्या क्लस्टर मोहिमेने २००० सालापासून चार यानांचा चौफुला करून हे तुकडे जागेवर मोजले, कारण एकटे यान काळातला बदल आणि जागेतला बदल यांत फरक करू शकत नाही.

याच तीस सेकंदांच्या तरंगांचा एक क्षीण अंश चुंबकावरणात झिरपत थेट जमिनीपर्यंत येतो. अनुभवावरून बसवलेला एक सोपा नियम असा, की सौरवाऱ्यातील क्षेत्राच्या नॅनोटेस्लांतील मूल्याला सहाने गुणले की तरंगाची वारंवारता मिलिहर्ट्झमध्ये मिळते. क्षेत्र पाच नॅनोटेस्लांचे असेल तर तीस मिलिहर्ट्झ, म्हणजे तेहेतीस सेकंदांचे आंदोलन. अशी आंदोलने भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या देशातील चुंबकीय वेधशाळांतही दिवसाउजेडी टिपता येतात. त्यांची उंची बहुधा एका नॅनोटेस्लाच्या आतबाहेर असते, परंतु त्यांच्या आवर्तकाळात ९० हजार किलोमीटरांपलीकडच्या क्षेत्राचे माप दडलेले असते.

याहून कितीतरी सूक्ष्म हालचाली आघाताच्या चढावर चालतात. यानांवरील विद्युत क्षेत्रमापकांना तिथे सतत एक खरखर ऐकू येई आणि बराच काळ ती निव्वळ गोंगाट समजली गेली. उपकरणे पुरेशी चपळ झाल्यावर दिसले, की ती खरखर म्हणजे एकेकट्या स्पंदांची रांग आहे: क्षेत्र एका बाजूला झुकते, लगेच दुसऱ्या बाजूला झुकते आणि शून्यावर येते, आणि हे सारे काही सहस्रांश सेकंदांत आटोपते. आपला आकार न बदलता पुढे सरकणाऱ्या अशा एकाकी तरंगांच्या सिद्धांताला महाराष्ट्रातून भरीव हातभार लागला आहे. कुलाबा-अलिबाग परंपरेतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या आणि आता नवी पनवेल येथे असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत गुरबक्ष सिंग लखीना व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रोटॉन, जड आयन आणि थंड-उष्ण असे निरनिराळे इलेक्ट्रॉन एकत्र वाहत असताना असे स्पंद कोणत्या मर्यादेत टिकतात, याचे गणित मांडले. कुलाब्याच्या १८५९ च्या नोंदी पुन्हा बाहेर काढून त्या वादळाचे माप नव्याने ठरवणाऱ्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांतही लखीना होते. शतकापूर्वीचे हाती लिहिलेले आकडे आणि सहस्रांश सेकंदाचे स्पंद एकाच टेबलावर यावेत, हे या संस्थेच्या इतिहासाला साजेसे आहे.

आघातामागे आणि आघाताबाहेरच्या वाऱ्यातही तरंग सुटे राहत नाहीत; ते एकमेकांत गुंततात आणि संक्षोभ निर्माण होतो. मोठे भोवरे फुटून मध्यम होतात, मध्यम फुटून लहान, आणि ऊर्जा पायरीपायरीने खाली उतरत जाते. पाण्याच्या किंवा हवेच्या संक्षोभासाठी आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये काढलेला पाच-तृतीयांश घाताचा, म्हणजे भोवरे लहान होत जाताना ऊर्जा कशी घटते हे सांगणारा नियम सौरवाऱ्यातील चुंबकीय चढउतारांनाही बऱ्याच मोठ्या पल्ल्यात लागू पडतो, आणि जिथे भोवऱ्याचा आकार प्रोटॉनाच्या फेऱ्याएवढा, म्हणजे शंभर किलोमीटरांच्या आसपास येतो, तिथे तो मोडून उतार अधिक तीव्र होतो. वाऱ्यातील हा खडबडीतपणा जमिनीवरूनही मोजता येतो: दूरच्या आकाशस्थ रेडिओ स्रोताच्या लहरी त्यातून येताना लुकलुकतात. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उटीच्या डोंगरउतारावर १९७० मध्ये उभारलेली, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण, जी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडून चालवली जाते, या लुकलुकण्याच्या अभ्यासासाठी जगभर ओळखली जाते. आघातामागून येणारा दाट, क्षुब्ध पट्टा वाटेत आला की लुकलुकणे वाढते, आणि त्यावरून तो पृथ्वीकडे येतो आहे की नाही याचा अंदाज बांधता येतो.

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर स्थिरावलेले आदित्य-एल१ यान हा पट्टा थेट अंगावर घेते. एकापाठोपाठ सुटलेल्या अनेक लोटांचा आघात १० मे २०२४ रोजी आधी त्या टापूतून गेला, अर्ध्या तासाने पृथ्वीवर पोहोचला आणि भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास जगभरच्या चुंबकमापकांत आकस्मिक प्रारंभ उमटला. पुढे क्षेत्र ४०० नॅनोटेस्लांहून अधिक घटले आणि लडाखमधील हानले येथील आकाश लाल झाले. गेल्या दोन दशकांतले हे सर्वांत तीव्र वादळ होते, तरी कुलाब्याने १८५९ मध्ये नोंदलेल्या घटीच्या ते जेमतेम पाव होते.

आदित्यवरील अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने घडवलेले उपकरण प्रोटॉन आणि हेलियमची केंद्रके वेगवेगळी मोजू शकते, आणि आघाताच्या अभ्यासात ही क्षमता विशेष उपयोगी आहे. सौरवाऱ्यात दर शंभर प्रोटॉनांमागे चारेक हेलियम केंद्रके असतात. त्यांचा विद्युतभार प्रोटॉनाच्या दुप्पट पण वस्तुमान चौपट असल्याने आघातावरील विद्युत क्षेत्र त्यांना प्रोटॉनाइतके रोखू शकत नाही. ती पलीकडे अधिक वेगाने निघतात, चुंबकीय क्षेत्राभोवती मोठ्या वर्तुळांत फिरू लागतात आणि त्यांच्या या उरलेल्या वेगातून आघातामागे तरंगांची आणखी एक पिढी जन्माला येते. येणाऱ्या वाऱ्याच्या ऊर्जेचा किती वाटा प्रोटॉनांना, किती हेलियमला, किती इलेक्ट्रॉनांना आणि किती काही मोजक्या अतिवेगवान कणांना मिळतो, याचा हिशेब आघातागणिक बदलतो, आणि तो बदलतो कसा हे आधीच सांगू शकेल असा सिद्धांत अजून तयार व्हायचा आहे.